टोपाथवर आडवा आलेला पोल: चूक कोणाची आणि करायचं काय

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा, की तुम्ही पश्चिम लंडनमध्ये हेझला राहता, ग्रँड युनियन कालव्याच्या टोपाथवरून (पाण्यालगतच्या वाटेवरून) सायकलने ऑफिसला जाता, मागच्या आठवड्यात सकाळी एका मासे धरणाऱ्या माणसाचा लांबलचक पोल अचानक वाटेत आडवा आला, तुम्ही जोरात ब्रेक दाबला, सायकल घसरली, पाण्यात जाता जाता वाचलात आणि वर तोच तुमच्यावर ओरडला. आता तुम्हाला विचारायचंय की ती वाट नक्की कोणाची, तक्रार करावी की नाही. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय की अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन तुम्हालाही तिथेच गळ टाकायला सुरुवात करायचीय. ती शेवटची ओळ वाचून मी सविस्तर लिहायचं ठरवलं, कारण थोड्या दिवसांनी त्याच वाटेवर तुम्ही कधी सायकलवर असाल आणि कधी काठावर बसलेले असाल, म्हणजे दोन्ही बाजू तुम्हाला लागणारच आहेत.

मी मालवणकडचा, लहानपण खाडीवर गरी टाकण्यात गेलं. आता बरीच वर्षं वेस्ट मिडलंड्समध्ये आहे, कालव्यावर मुख्यतः पोलनेच मासे धरतो, क्लबच्या स्पर्धांना पेग (प्रत्येकाच्या बसायच्या जागेची खूण) लावायला मदत करतो, आणि घरी जायची माझी स्वतःची वाटही टोपाथच आहे, सायकलवर. मी सांगतोय ते इंग्लंड-वेल्सच्या कालव्यांना धरून आहे. स्कॉटलंडचे कायदे वेगळे आहेत. आणि इथेसुद्धा प्रत्येक पट्ट्याची रुंदी, गर्दी, क्लबचे नियम वेगवेगळे असतात, त्यामुळे तुमच्या त्या नेमक्या वळणावर काय झालं ते न बघता मी निकाल देणार नाही.

आधी हक्काचं बघू. बहुतेक कालवे कॅनल अँड रिव्हर ट्रस्टच्या ताब्यात आहेत. २०१२ पर्यंत ते काम ब्रिटिश वॉटरवेज हे सरकारी महामंडळ बघायचं, आता ही धर्मादाय संस्था सुमारे २,००० मैलांचे जलमार्ग सांभाळते. टोपाथ बांधला गेला घोड्यांसाठी, घोडा काठाने चालायचा आणि दोराने बोट ओढायचा. जुन्या पुलांच्या कोपऱ्यांवर लोखंडी पट्ट्यांना त्या दोरांनी पडलेल्या खोल खाचा अजून दिसतात, पुढच्या वेळी पुलाखालून जाताना नक्की बघा. म्हणजे ही वाट रस्ता म्हणून आखलेलीच नव्हती. आजही बऱ्याच ठिकाणी टोपाथ हा कायद्याने सार्वजनिक हक्काचा रस्ता नाहीये, ट्रस्टने परवानगी दिलीय म्हणून आपण तिथून चालतो आणि सायकल चालवतो. काही तुकडे मात्र सार्वजनिक पायवाट म्हणून नोंदलेले आहेत. ट्रस्टचा मूळ नियम साधा आहे: पहिला मान चालणाऱ्याचा, आणि सायकलवाल्याने वेग कमी ठेवायचा. मासे धरणाराही फुकट बसलेला नसतो, तो पट्टा बहुतेक वेळा एखाद्या क्लबने ट्रस्टकडून भाड्याने घेतलेला असतो आणि त्याच्याकडे क्लबचं कार्ड किंवा दिवसाचं तिकीट असतं, शिवाय सरकारी रॉड लायसन्स (मासे धरायचा परवाना) वेगळं. पण हे सगळं असलं तरी त्याला हक्क मिळतो तो पाण्यातल्या माशाचा, वाट अडवायचा नाही.

म्हणून "वाट कोणाची" याचं उत्तर चाळीतल्या गॅलरीसारखं आहे. तिथून सगळे ये-जा करतात, कोणी कपडे वाळत घालतं, कोणी खुर्ची टाकून बसतं, आणि कोणालाच ती एकट्याची म्हणता येत नाही.

आता तुमच्या घटनेकडे येतो, कारण खरा प्रश्न हक्काचा नाही, चार-पाच सेकंदांचा आहे. पोल वापरणारा माणूस नक्की काय करतो हे सायकलवाल्याला माहीत नसतं म्हणून तो चिडतो, ते आधी सांगतो. पोल म्हणजे कार्बनची पोकळ नळी, एकात एक बसणारे तुकडे जोडून केलेली, ११ मीटरपासून १६ मीटरपर्यंत लांब. त्याला रीळ नसतं. दोरा टोकाला बांधलेला असतो, आणि वरच्या तुकड्यांच्या आतून एक इलॅस्टिक जातं ते माशाचा जोर सोसतं. रीळ नाही म्हणजे दोरा गुंडाळून मासा जवळ आणता येत नाही, सगळा पोलच मागे ओढावा लागतो. हातातून तो मागे सरकवायचा, पाठीमागे ठेवलेल्या रोलरवरून तो घरंगळत जातो, आणि वरचे दोन-तीन तुकडे हातात उरले की तिथे पोल सोडवून मासा जाळीत घ्यायचा. मासा असो नसो, आमिष बदलायलाही हेच, चारा टाकायलाही हेच. लहान मासे खात असतील तर दर मिनिट-दोन मिनिटांनी हे चालू असतं. आता विचार करा, टोपाथ जेमतेम दोन मीटर रुंद, त्याच्या मागे झुडपं, मग ती आठ-नऊ मीटर नळी जाणार कुठे? वाट ओलांडून झुडपात.

मग एवढा लांब पोल हवाच कशाला, असं तुम्ही म्हणाल. कारण मासा तिकडे असतो. कालव्याचा तळ ताटासारखा सपाट नसतो, दोन्ही काठांजवळ उथळ कट्टा आणि मधे बोटींनी खोदत ठेवलेला खोल पट्टा असतो. मधून दिवसभर बोटी जातात, अलीकडच्या काठावर माणसं, कुत्री, सायकली यांच्या पावलांची थरथर जमिनीतून पाण्यात उतरते, म्हणून उजाडल्यावर तास-दोन तासांत मासे पलीकडच्या काठाला, लोंबणाऱ्या फांद्यांखाली सरकतात. रोच, ब्रीम, पर्च, मोठे कार्प, सगळे तिकडे. कालव्याची रुंदी १२-१५ मीटर, म्हणजे पलीकडच्या झाडाखाली नेमकं आमिष ठेवायला तेवढाच पोल लागतो. हौस म्हणून कोणी १३ मीटर उचलत नाही, हात भरून येतात.

आता हिशोब बघा. ११ मीटर पोल नीट मागे घ्यायला साधारण पाच सेकंद लागतात. तुम्ही ताशी २५ किलोमीटरने येत असाल तर सेकंदाला सात मीटर, म्हणजे त्या पाच सेकंदांत तुम्ही ३५ मीटर आलात. समजा, त्याने पोल ओढायला सुरुवात करताना डावी-उजवीकडे बघितलं तेव्हा तुम्ही पुलाच्या वळणामागे होतात, दिसलाच नाहीत, आणि पोल अर्धा वाटेवर असताना तुम्ही समोर. तेच तुम्ही ताशी १२ किलोमीटरने आलात तर त्याच वेळात १६-१७ मीटर, म्हणजे दोघांनाही थांबायला जागा राहते. म्हणून मी कायम सांगतो की अशा प्रसंगात पहिलं विचारायचं ते हे, की दोघं एकमेकांना किती अंतरावरून दिसत होते. सरळ मोकळ्या पट्ट्यावर तुम्ही लांबून येताना दिसत असूनही त्याने पोल ओढला असेल तर चूक सरळ त्याची. आंधळ्या वळणावरून तुम्ही वेगात आला असाल तर वेग तुमचा. आणि त्याने आंधळ्या वळणालगतच पेग निवडला असेल तर ती पुन्हा त्याची चूक, मग तुमचा वेग कितीही असो.

माझं स्वतःचं मत विचाराल तर जास्त जबाबदारी पोलवाल्याची आहे. कारण आडवी येणारी वस्तू त्याच्या हातात आहे, ती कधी हलवायची हे तो ठरवतो, आणि जाणाऱ्याला ती आधी कळायचा काही मार्ग नसतो. काळी, बारीक नळी, सावलीत, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, ती सायकलवरून दिसतच नाही. सायकलवाल्याचं सोडा, बाबागाडी घेऊन येणारी आई किंवा नीट न दिसणारा म्हातारा माणूस यांनी काय करायचं? आमच्या क्लबात नवीन माणसाला मी पहिली गोष्ट हीच शिकवतो: हात पोलवर घट्ट, मान डावीकडे, मान उजवीकडे, कान उघडे, मग ओढ. गळाला मासा असला तरी. इलॅस्टिक मासा धरून ठेवतं, दहा सेकंद थांबलं म्हणून मासा सहसा सुटत नाही, आणि सुटला तर सुटला.

इथे एक गोष्ट फार जणांना माहीत नसते आणि ती जिवावर बेतू शकते म्हणून थांबून सांगतो. सायकल आली की काही लोक वाट मोकळी करायला पोल सरळ उभा वर करतात. हे करू नका. कार्बन वीज वाहून नेतो. कालव्यांवरून उच्च दाबाच्या तारा अनेक ठिकाणी जातात, आणि तारेला स्पर्श व्हायलाच पाहिजे असं नाही, नुसतं जवळ गेलं तरी वीज उडी मारते. अशा अपघातांत माणसं मेलेली आहेत. तारांपासून दोन्ही बाजूंना ३० मीटर अंतर सोडूनच बसायचं हा नियम आहे, आणि पोल जोडून खांद्यावर घेऊन तारांखालून चालायचंही नाही, तुकडे करून पिशवीत. बरोबर पद्धत म्हणजे पोल पाण्यावर पुढे सरकवून आडवाच धरायचा, किंवा मागे असेल तर काठाला समांतर गवतावर खाली ठेवायचा.

समांतर हा शब्द महत्त्वाचा. कालव्यावर मुरलेले लोक पोल मागे काटकोनात घेतच नाहीत, शरीर थोडं वळवून टोपाथच्या कडेने तिरका घेतात, म्हणजे तो गवताच्या पट्ट्यावर राहतो आणि चालायची फरशी मोकळी. दुसरा उपाय, लहान लहान तुकड्यांत सोडवत आणायचा, थोडा ओढला, दोन तुकडे काढून शेजारी ठेवले, परत ओढला. वेळ जास्त जातो, स्पर्धेत कोणाला ते आवडत नाही, पण गर्दीच्या वाटेवर दुसरा इलाज नाही. आणि तिसरा उपाय मला सगळ्यात पटतो तो म्हणजे वेळ आणि जागा बदलणं. पहाटे उजाडताना बोटी बांधलेल्या असतात, मासे अजून अलीकडच्या कट्ट्यावर चरत असतात, पाच-सहा मीटरच्या काठीने मस्त रोच मिळतात, काहीच आडवं जात नाही, आणि ऑफिसची गर्दी सुरू व्हायच्या आत सामान गुंडाळून घरी. सकाळी आठ ते नऊ लंडनच्या टोपाथवर १३ मीटरचा पोल काढणं मला तरी पटत नाही, तिकीट खिशात असलं तरी. इकडे बर्मिंगहॅमच्या न्यू मेन लाइन या कालव्याला टेलफर्ड या अभियंत्याने दोन्ही काठांना टोपाथ ठेवले, तिथे आम्ही बघून कमी वर्दळीच्या बाजूला बसतो. तुमच्याकडे बहुतेक ठिकाणी ती सोय नाही.

सामानाचंही तसंच. सीटबॉक्स (बसायची पेटी) पाण्याच्या अगदी कडेला, ट्रॉली आणि पिशव्या त्याच बाजूला. निम्मं सामान काठावर आणि निम्मं झुडपाकडे असं ठेवलं की मधली वाट म्हणजे बोळ होतो आणि लोक बिचकतात. आमिष लावलेला गळ जमिनीवर कधीच सोडायचा नाही, कुत्रं येऊन तोंड घालतं आणि ओठात गळ अडकतो, मग ती धावपळ, तो मालकाचा संताप, आणि त्या मुक्या जिवाचे हाल बघवत नाहीत. मॅगटच्या (आमिषाच्या अळ्यांच्या) डब्याला झाकण, ग्राउंडबेटची (पाण्यात टाकायच्या चाऱ्याची) बादली मांडीजवळ. कुत्रेवाल्यांना माझी विनंती एवढीच की मासे धरणारा दिसला की पट्टा लावा.

अलीकडे शहरांत लूर (खोटं आमिष) टाकणारी तरुण मुलं खूप वाढलीत, पर्च आणि झँडर या माशांच्या मागे. ती एका जागी बसत नाहीत, चालत चालत टाकत जातात, आणि त्यांचा धोका वेगळा, काठी मागे नेऊन डोक्यावरून फेकताना तीन टोकांचा गळ मागच्या माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर असतो. टोपाथवर खालूनच हिसका देऊन टाकायचं, डोक्यावरून नाही.

आता सायकलवाल्याच्या बाजूने, तुम्ही काय करायचं. घंटी वाजवा, पण लांबून, ३० मीटर आधी, दोनदा हलकी. पाठीमागे येऊन टणटण केलं की माणूस दचकून वळतो आणि वळताना पोलही वळतो, नेमकं नको तेच होतं. घंटीनंतर वेग कमी करा आणि त्याच्या हाताकडे बघा, हात मागे सरकत असतील तर पोल येतोय, थांबा. पोल हलत नसेल तर शांतपणे जा. त्याने मान वळवून बघितलं नाही म्हणजे तो उद्धट आहे असं समजू नका, तरंगावरून (दोऱ्याला लावलेल्या, पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेवरून) नजर काढली की चावा हुकतो, बरेचदा तो नुसता हात वर करतो किंवा मान हलवतो, ते उत्तरच आहे. जाता जाता थँक्स म्हणा. ऐकायला किरकोळ वाटेल पण रोज त्याच वाटेने जाणाऱ्याला महिन्याभरात तिथली माणसं ओळखायला लागतात आणि मग तुम्ही दिसलात की ते स्वतःच पोल थांबवतात, हे मी दोन्ही बाजूंनी अनुभवलंय. पुलाखाली मात्र उतरून चालत जा, तिथे वाट एका माणसाएवढी उरते आणि समोरचं काही दिसत नाही. कानात इयरफोन नको. आणि रोज घाईच असेल तर खरं सांगतो, टोपाथ ही घाईची वाट नाही, त्या दिवशी रस्त्याने जा.

रविवारी सकाळी तुम्हाला ओळीने पेग लावून तीस-चाळीस माणसं बसलेली दिसली तर ती क्लबची स्पर्धा. चार-पाच तास चालते. चांगले क्लब दोन्ही टोकांना पाटी लावतात. तेवढा पट्टा उतरून चाललात तर पाच-दहा मिनिटं जातील, पण सायकलवर बसून दर पंधरा मीटरला थांबण्यापेक्षा ते सोपं. पाटी नसेल तर क्लबला जरूर कळवा, आम्हाला अशा सूचना हव्या असतात.

तक्रारीचं. एकदाच झालंय, तर माझा सल्ला, तक्रार नको, तोच माणूस परत दिसला तर सायकल उभी करून बोला. "त्या दिवशी मी पडलो असतो, मी कुठून घंटी वाजवली तर तुम्हाला ऐकू येईल?" एवढं विचारा. दहातले नऊ लोक लगेच नरमतात कारण तेही घाबरलेलेच होते, ओरडणं हे बऱ्याचदा भीतीतून येतं, शिवाय चांगल्या पोलला हजारो पाउंड पडतात आणि चाकाखाली तो काचेसारखा तडकतो. पण तो मुद्दाम वाट अडवत असेल, वळणाला चिकटून बसत असेल, शिवीगाळ किंवा तुमच्या दिसण्यावरून काही बोलला असेल, तर अजिबात सोडू नका. जागा, तारीख, वेळ, जवळच्या पुलाचा नंबर लिहून ठेवा (बहुतेक पुलांवर नंबराची पाटी असते), ट्रस्टला कळवा आणि तो पट्टा ज्या क्लबकडे आहे त्यांना कळवा. क्लब कार्ड काढून घेऊ शकतो, आणि घेतात. वंशावरून त्रास दिला असेल तर थेट पोलिसांना.

आणि आता मुलाचं, हा भाग लिहायला मला सगळ्यात आवडतंय. तो अकराचा आहे म्हणजे त्याला रॉड लायसन्स लागत नाही, तेराव्या वर्षापासून लागतं, आणि तेरा ते सोळा वयाला ते फुकट असतं पण काढावं लागतं. तुम्ही स्वतः काठी हातात धरणार असाल तर तुम्हाला हवंच, ते सरकारी वेबसाइटवर मिळतं, नसेल तर २,५०० पाउंडांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याशिवाय त्या पट्ट्याचं क्लबचं किंवा ट्रस्टचं तिकीट. नद्यांवर १५ मार्च ते १५ जून मासेमारी बंद असते, बहुतेक कालव्यांना ती बंदी नाही, पण काही संरक्षित तुकड्यांना आहे आणि काही ठिकाणी कालवा नदीच्या पात्रातून जातो, म्हणून तिकीट घेताना विचारा. आणि आपल्याकडून नवीन आलेल्यांना हे सांगावंच लागतं: कालव्यातला मासा घरी न्यायचा नाही, ओल्या हाताने धरून परत पाण्यात सोडायचा. मी मालवणचा, मासा परत सोडणं सुरुवातीला मलाही विचित्र वाटायचं, पण इथे क्लबांचा नियमच तो आहे आणि त्यामुळेच एवढ्याशा पाण्यात एवढे मासे टिकलेत.

त्याला पोल घेऊन देऊ नका. चार-पाच मीटरची व्हिप घ्या, तीही रिळाशिवायची, पण दोरा काठीएवढाच असतो त्यामुळे काठी नुसती उचलली की मासा हातात येतो, मागे काहीच न्यावं लागत नाही, वाट आपोआप मोकळी. थोडे मॅगट, लहान गळ, छोटा तरंग, बस. बसायला अशी जागा निवडा जिथे दोन्हीकडे निदान पन्नास मीटर सरळ दिसतं, पाण्याच्या बाजूला गवताचा चांगला पट्टा आहे, वर तारा नाहीत, आणि लॉक (बोटी वर-खाली न्यायचे दरवाजे), बोटींची पाणी भरायची जागा, बोटी वळवायची रुंद जागा यांपासून लांब. बोट आली तर काठी उचलून घ्यायला शिकवा आणि बोटवाल्याला हात करायला सांगा, ते सगळे हात करतात, मुलांना मजा येते. बोट मधल्या पट्ट्यातून संथ गेली तर बिघडत नाही, उलट तळ ढवळून निघतो आणि पाच मिनिटांत लहान पर्च गळाला लागायला लागतात.

पहिल्या दिवशी त्याला पाण्याकडे तोंड करून बसवा आणि तुम्ही त्याच्या मागे वाटेकडे लक्ष ठेवून उभे रहा, घंटी ऐकू आली की त्याला सांगा. शनिवारी सकाळी सहा ते साडेआठ ही वेळ धरा. बुल्स ब्रिजच्या आसपास बोटींची आणि माणसांची गर्दी फार असते, तिथून थोडं दूर चालत गेलात तर शांत जागा सापडतील. कुठला पट्टा कोणत्या क्लबकडे आहे ते तिथल्या टॅकल शॉपमध्ये (मासेमारीच्या सामानाच्या दुकानात) विचारा, त्यांना नक्की माहीत असतं आणि मॅगटही तिथेच मिळतील. व्हिप निवडताना काही अडलं तर इथेच विचारा.